पोलादाचे कुलशील

धुळ्यास पांझरेच्या उत्तर तीरावर, एकवीरा देवीच्या देवळाच्या परिसरात ज्याचे बालपण गेले आणि वयाच्या विशीपर्यंत ज्याला समुद्र केवळ नकाशातील निळ्या रंगापुरता ठाऊक होता, अशा मनुष्याचे सारे सेवायुष्य खाऱ्या पाण्याने खाल्लेल्या पोलादाची चौकशी करण्यात खर्ची पडावे, याचे आमच्या देवपुरातील वृद्ध मंडळींना अद्यापि नवल वाटते. मला स्वतःला त्यात नवल करण्याजोगे फारसे दिसत नाही. यंत्रशास्त्राची पदविका हाती घेऊन निघालेल्या खानदेशी मुलास त्या काळी भुसावळची रेल्वे नाही तर मुंबई, एवढाच पर्याय असे. आणि १९७४ साली मुंबई हाय येथे तेल लागल्यानंतर मुंबईच्या धक्क्यांवर नौकांच्या दुरुस्तीचे काम असे वाढू लागले की ज्यास पोहताही येत नाही अशा माणसाचीही तेथे सोय लागली. गोदीच्या आश्रयाने चालणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी रुजू झालो. त्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

स्टेनलेस पोलाद म्हणजे न गंजणारे पोलाद, आणि ते एकच एक असते, अशी जी सर्वसामान्य समजूत आहे ती भांड्यांच्या दुकानापुरती निरुपद्रवी असली तरी समुद्रावर ती फार महागात पडते. १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली याने बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून सुमारे तेरा टक्के क्रोमियम घातलेले पोलाद ओतले, आणि त्याच सुमारास जर्मनीत क्रुप यांच्या कारखान्यात क्रोमियमच्या जोडीला निकेल घालून दुसरे एक कुळ जन्मास आले. तेव्हापासून या कुळांच्या इतक्या शाखा फुटल्या आहेत की त्यांची वंशावळ पाठ असणारा मनुष्य विरळा. कारखान्यात आमच्या तोंडी असत ते ‘थ्री-नॉट-फोर’, म्हणजे अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असलेले ३०४. ‘थ्री-सिक्स्टीन’, ज्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनमची भर असते ते ३१६. आणि ३०३, जे टर्नर लोकांचे विशेष लाडके, कारण त्यात मुद्दाम गंधक मिसळलेले असल्याने लेथवर त्याचा कीस सुरेख तुटतो. समुद्राच्या पाण्यात मात्र तेच गंधक त्याच्या मुळावर येते, ही गोष्ट टर्नरला कोणी सांगत नाही, आणि सांगितली तरी दिवसाचे ठरलेले नग पुरे करावयाचे असल्याने ती ऐकण्यास त्याला सवड नसते.

या सर्वांचे तेज एका अदृश्य पापुद्र्यावर अवलंबून आहे. हवेतील वा पाण्यातील प्राणवायूशी क्रोमियमचा संयोग होऊन पोलादाच्या पृष्ठभागावर जो थर धरतो, त्याची जाडी इतकी अल्प की मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांपैकी दोन-तीन भागांत तो मावावा. तो ओरखडला तरी दुधावरच्या सायीप्रमाणे पुन्हा धरतो. परंतु पुन्हा धरण्यास प्राणवायू हवा, आणि जेथे प्राणवायू पोहोचत नाही आणि मीठ मात्र पोहोचते अशा जागा यंत्रात किती असतात, हे यंत्र उघडल्यावाचून कळत नाही. नटाखालची, वॉशरखालची, गॅस्केटच्या कडेची, पॅकिंगच्या आतली, एवढेच नव्हे तर चिकटलेल्या शिंपल्याच्या बुडाखालची फट ही अशीच जागा होय. तेथे अडकलेल्या थेंबभर पाण्यातील प्राणवायू संपतो. धातूचे जे कण विरघळतात त्यांच्यामुळे पाणी आंबट होते. त्या आंबटपणाबरोबर बाहेरील क्लोराइड आत ओढले जाते. आणि अखेरीस समुद्राच्या पोटात आम्लाचे एक थारोळे तयार होते, त्यात पापुद्र्याचा निभाव लागत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. ३०४ आणि ३१६ ही दोन पोलादे खाऱ्या पाण्यात एकमेकांस जोडली तर काय होईल, असे नवशिक्या उमेदवारास विचारले असता तो तांबे आणि जस्त यांचे उदाहरण आठवून सांगतो की उच्च धातू नीच धातूस खाईल. हे उत्तर अर्धे बरोबर आहे, म्हणूनच ते विशेष फसवे आहे. दोघांचेही पापुद्रे शाबूत असताना त्यांच्या विद्युत्पातळीतील अंतर व्होल्टाच्या काही शतांशांहून अधिक नसते, आणि तेवढ्यावर कोणाचे कोणाशी वैर होत नाही. परंतु दोघांपैकी हलक्या कुळातील पोलादाने एखाद्या फटीत आपला पापुद्रा गमावला की त्या ठिकाणी त्याची पातळी तीन-चार दशांश व्होल्टांनी खाली येते. शास्त्रकारांनी समुद्रातील धातूंची जी श्रेणी लावली आहे तीत स्टेनलेसचे नाव दोनदा, एकदा वर आणि एकदा बरेच खाली, येते त्याचे कारण हेच. त्या क्षणापासून शेजारचे निरोगी पोलाद, ज्याने तोवर काहीही केलेले नसते, ते आपल्या साऱ्या विस्तीर्ण पृष्ठभागानिशी त्या एका जखमेतून विद्युत् ओढू लागते. आणि जखम जेवढी लहान व शेजारी जेवढा मोठा, तेवढी खोदाई अधिक वेगाने होते.

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हणणे खरे होणार नाही. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी खेचणारे पंप आमच्याकडे दुरुस्तीस येत. त्यांतील जुन्या पिढीच्या पंपांचे घर बिडाचे, आणि आतील दांडा, चक्र व घर आवळणारे स्टड स्टेनलेसचे असत. बिडाचे घर आतून काळे पडे. नखाने खरवडता येईल असा मऊ थर त्यावर चढे. दिसावयास ते ओंगळ दिसे. परंतु त्याची भिंत अंगठ्याएवढी जाड असल्याने ते वर्षानुवर्षे चाले. पुढे अनेक नौकांच्या मालकांनी, आणि त्यांना पंप पुरविणाऱ्यांनी, सुधारणा म्हणून बिडाच्या जागी ३१६ च्या जातीचे ओतीव घर बसविण्यास प्रारंभ केला. सुधारणा खर्चिक होती, देखणी होती, आणि कागदोपत्री तिच्यात दोष काढण्यास जागा नव्हती. एका नौकेने असा नवा पंप बसवून पावसाळ्यातील मासेमारीबंदीचे दोन महिने, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, बंदरातच पाण्यावर काढले. नारळी पौर्णिमेच्या सुमारास इंजिन चालू करताच पंपातून धार लागली, आणि पंप आमच्या टेबलावर आला. घर आरशाप्रमाणे स्वच्छ होते. स्टड मात्र नटाखाली इतके बारीक झाले होते की त्यांतील दोन हाताने पिळताच तुटले.

आमचे मुकादम मूळचे वेंगुर्ल्याकडचे, अक्षरशत्रू नव्हेत पण वाचनाचा कंटाळा असलेले गृहस्थ होते. त्यांनी तुटका स्टड प्रकाशात धरून पाहिला आणि ते म्हणाले, “साहेब, बीड होतं तंवर ह्या स्टडांना कोणी हात लावला नव्हता. चांगला माल आला नि खोड सुरू झाली.” पुढे पुष्कळ अहवाल मी वाचले व काही स्वतः लिहिले, परंतु या दोन वाक्यांत जे निदान होते त्यात भर घालणारे असे त्यांत थोडेच निघाले.

कारण बीड हेच त्या पंपातील संरक्षक होते. ते स्वतः स्टेनलेसहून फार खालच्या पातळीचे असल्याने हळूहळू झिजत असे आणि झिजताना स्टडांच्या, दांड्याच्या व चक्राच्या फटींतील पोलादास खालच्या, म्हणजे सुरक्षित, पातळीवर धरून ठेवीत असे. त्याचा विस्तार मोठा व भिंत जाड असल्याने ही झीज त्याला परवडे. घर पुरते काळे पडून त्यात केवळ ग्राफाइटचा सांगाडा उरला की हे संरक्षण संपते, किंबहुना उलटते, हे खरे; परंतु तोवर घर बदलण्याची वेळ आलेलीच असे. नव्या पंपात हा झिजणारा गडी घालवून त्याच्या जागी कधीही न झिजणारा विस्तीर्ण शेजारी आणून बसविला गेला, आणि स्टड मात्र जुन्याच कुळाचे राहिले. शिवाय नौका बंदरात स्वस्थ उभी होती. वाहत्या पाण्यात स्टेनलेसचे बरे चालते. साचलेल्या पाण्यात, त्यातही बंदराच्या गढूळ पाण्यात, त्याच्यावर सूक्ष्म जीवांची जी बुळबुळीत वस्ती जमते ती पोलादाची पातळी आणखी वर उचलते व प्राणवायूचा व्यवहार सुलभ करते, म्हणजे घर आणखी समर्थ शेजारी होते आणि स्टडांवरील ओढ आणखी वाढते. समुद्र शांत असला की खलाशांस बरे वाटते, पोलादास नाही.

स्टड कोणत्या जातीचे होते, हे शोधण्यासाठी मी आमच्याच कोठारात गेलो, आणि तेथे मला या रोगाचे खरे उगमस्थान सापडले असे वाटते. कोठाराच्या खतावणीत ‘एस.एस. नट-बोल्ट-स्टड’ असे एकच खाते होते. त्यात ३०३, ३०४, ३१६ आणि बहुधा ४१० हेही, ज्यात केवळ बारा-तेरा टक्के क्रोमियम असते, एकाच लाकडी खोक्यात गुण्यागोविंदाने नांदत होते. कोठाराचे कारकून, ज्यांना सारा कारखाना भाऊसाहेब म्हणे, हे अत्यंत काटेकोर गृहस्थ होते. एका वॉशरचा हिशेब लागला नाही तर ते घरी जात नसत. परंतु त्यांचा काटेकोरपणा नगांच्या संख्येपुरता होता, आणि जातींची नोंद करण्याचा हुकूम त्यांना कोणी दिलेला नव्हता. मागणीपत्रावर ‘एस.एस. स्टड’ असे लिहून येई, दराची तुलना करून सर्वात स्वस्त माल खरेदी होई, त्यावर तपासनिसाचा शेरा पडे, आणि तपासनीस काय तपाशी तर लोहचुंबक लावून पाही.

लोहचुंबकावरील या श्रद्धेविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. चुंबकास चिकटले नाही म्हणजे माल अस्सल, ही समजूत धुळ्याच्या बाजारपेठेपासून मुंबईच्या धक्क्यापर्यंत सर्वत्र सारखीच पसरलेली मी पाहिली आहे. चुंबक ४१० ओळखतो, एवढे श्रेय त्याला द्यावे. परंतु ३०४ आणि ३१६ यांतील भेद त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि ३०३ लाही तो चिकटत नाही. उलट थंड अवस्थेत ठोकून डोके घडविलेला उत्तम ३०४ चा बोल्ट थोडासा चिकटतो, आणि मग तपासनीस त्याला नापास करून अधिक वाईट माल पदरात घेतो. मॉलिब्डेनम आहे की नाही हे पाहण्यासाठी एक लहान बॅटरी व एका द्रावणाचा थेंब पुरतो. रंग बदलला की निवाडा झाला. आणि त्याहूनही सोपा मार्ग असा की चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ‘ए-टू’ अथवा ‘ए-फोर’ अशी अक्षरे कोरलेली असतात. पहिला ३०४ च्या घराण्याचा, दुसरा ३१६ च्या. ती अक्षरे इतकी वर्षे प्रत्येकाच्या हाताखालून जात होती.

या प्रकारच्या दुखण्यास फार जुना इतिहास आहे, हे मला पुढे वाचनात आढळले. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळास, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव म्हणून, तांब्याचे पत्रे ठोकले. १७६३ साली तिची तपासणी झाली तेव्हा तांबे उत्तम राहिले होते आणि ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे अनेक ठिकाणी नाहीसे झाले होते. मात्र जेथे पत्र्यांसोबत आलेला तपकिरी कागद खिळा आणि तांबे यांच्यामध्ये चुकून राहून गेला होता तेथील लोखंड शाबूत होते. एवढ्याशा कागदाने जो धडा दिला तो आजही गॅस्केटच्या आणि प्लास्टिकच्या नळकांडीवजा वॉशरच्या रूपाने आम्ही गिरवितो. पुढे १८२४ साली हम्फ्री डेव्ही याने याच न्यायाचा उलटा उपयोग करून, कोचीन येथे बांधलेल्या ‘समरंग’ या नौकेच्या तांब्यास लोखंडाचे तुकडे जोडले, जेणेकरून लोखंड झिजावे आणि तांबे वाचावे. तांबे वाचले, परंतु त्याचे विष पाण्यात उतरणे थांबल्यामुळे त्यावर शेवाळ व शिंपले यांनी इतकी दाटी केली की जहाजाची गती मंदावली, आणि आरमाराने थोड्याच वर्षांत तो प्रयोग सोडून दिला. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने अचूक सांगावे आणि समुद्राने ते मान्य करूनही दुसऱ्याच वाटेने वसुली करावी, या गोष्टीचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

डेव्हीचा तो लोखंडाचा तुकडा म्हणजेच आजचे झिंक. ससून गोदीवर मासळी उतरविणाऱ्या नौकांच्या बुडाशी जस्ताच्या वड्या बसविलेल्या असतात. त्या स्वतः विरघळतात आणि स्टेनलेसच्या दांड्यास, त्यातील फटींसह, वाचवितात. एका तांडेलाने माझ्या देखत आपल्या नौकेच्या वड्यांस हिरवा रंग फासून घेतला होता, कारण त्या खराब दिसत होत्या. रंग दिलेली वडी झिजत नाही, आणि न झिजणारी वडी कोणालाही वाचवीत नाही, हे त्याला समजावून सांगताना माझ्या लक्षात आले की तो मुळीच अडाणी नव्हता. ज्या वस्तूसाठी पैसे मोजले ती टिकावी, ही त्याची अपेक्षा सर्वस्वी न्याय्य होती. फक्त या एका वस्तूला ती लागू पडत नव्हती. त्याच नौकेच्या दांड्यावर ग्लँडच्या आत खोल वळ्या पडल्या होत्या. तेथे ग्राफाइट लावलेले पॅकिंग भरलेले होते, आणि ग्राफाइट हे समुद्रातील श्रेणीत जवळजवळ सर्व धातूंच्या वरचे असल्याने फटीतील पोलादास त्याच्याहून वाईट शेजारी शोधूनही मिळाला नसता. पॅकिंग विकणाऱ्याने ते ‘हेवी ड्यूटी’ म्हणून अधिक दराने दिले होते.

माझ्या सेवेच्या उत्तरार्धात अधिक उंची कुळे बाजारात सुलभ झाली. बावीस टक्के क्रोमियमचे ड्युप्लेक्स २२०५ आले. सहा टक्के मॉलिब्डेनमची पोलादे आली. खड्डे पडण्यास कोणते पोलाद किती दाद देणार नाही याचा अंदाज घेण्यासाठी एक ढोबळ हिशेब आहे: क्रोमियमचे टक्के, अधिक मॉलिब्डेनमच्या टक्क्यांची तीन पूर्णांक तीन दशांश पट, अधिक नायट्रोजनच्या टक्क्यांची सोळा पट. या मापाने ३०४ ला अठरा-एकोणीस, ३१६ ला चोवीसच्या आसपास, २२०५ ला पस्तीसच्या घरात गुण पडतात, आणि उष्ण समुद्रात निर्धास्त राहावयाचे तर चाळिसांच्या पुढे असावे असे मानतात. हा आकडा पाहून मालकवर्ग जो निर्णय घेई तो बहुधा असा की आजवर जो भाग बिघडला तेवढाच उंची पोलादाचा करावा. मोठ्या घरास लहान स्टड उंची कुळाचे लावणे हे शास्त्रशुद्धच आहे. स्टड वाचतात आणि घराच्या अवाढव्य पृष्ठभागावर त्यांचा भार जाणवत नाही. परंतु घर उंची आणि स्टड हलके, किंवा नळ उंची आणि त्यावरील जोड साध्या वेल्डिंग-काडीचा, असे झाले की आमच्या कारखान्याची बेगमी झालीच म्हणून समजावे. ज्याला सगळे बदलणे परवडत नाही त्याने काहीच बदलू नये, जुने बीडच बरे, असे मी स्पष्ट सांगत असे, आणि माल विकणाऱ्यांत माझी लोकप्रियता त्या मानाने बेताचीच होती. ड्युप्लेक्सला तर झिंकही जपून लावावे लागते. अतिसंरक्षणाने त्यात हायड्रोजन शिरून ताणाखाली ते तडकते.

कोठारातील व्यवस्था बदलण्यास मात्र जेवढा प्रयास पडला तेवढा कोणत्याही पंपाने दिला नाही. एका खात्याची चार खाती करणे, मागणीपत्रावर जात लिहिल्यावाचून माल न देणे, आणि कोणताही स्टड ज्या घरास लावावयाचा त्याच्या बरोबरीचा अथवा वरचा असल्याची नोंद ठेवणे, एवढीच मागणी होती; परंतु जुनी खतावणी बंद करण्यास वरिष्ठांची मंजुरी हवी, मंजुरीस कारण हवे, आणि कारण म्हणून तुटके स्टड टेबलावर ठेवले असता ते भंगाराच्या नोंदीत का नाहीत असा उलट प्रश्न आला. अखेर भाऊसाहेबांनीच मार्ग काढला. त्यांनी जुने खाते बंद न करता त्याच्या पोटात चार पोटखाती उघडली, ज्यास कोणाच्याही मंजुरीची गरज नव्हती. आणि पुढे जो कोणी नुसते ‘एस.एस.’ लिहून आणी त्याचे मागणीपत्र ते मुकाट्याने परत करीत.

निवृत्तीनंतर मी देवपुरास परतलो. येथे पाणी गोड, म्हणून माझ्या विद्येचा उपयोग कमी. तरी बोअरवेलचा पंप वर काढला की पुतण्या मला शेतावर बोलावतो. परवा त्याने मूठभर मिसळीचे बोल्ट पुढे करून विचारले, “काका, हाई बोल्ट आठे चालतीन का?” मी चालतील म्हणून सांगितले. समुद्राच्या एका लिटरात एकोणीस ग्रॅमच्या आसपास क्लोराइड असते, आणि पिण्याच्या पाण्यास पाव ग्रॅमपर्यंतची मर्यादा इष्ट मानतात. शिवाय गोड पाण्यातून विद्युत् वाहण्याची सुलभता समुद्राच्या पन्नासाव्या-शंभराव्या हिश्श्याहून अधिक नसल्याने, येथे शेजाऱ्याची ओढ फार तर काही बोटांच्या अंतरापर्यंत पोहोचते, पंपाच्या साऱ्या अंगभर नाही. त्याने बोल्ट तसेच आवळले. त्याची सासुरवाडी मात्र अकोल्याकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे आणि तेथील विहिरीचा पंपही तोच दुरुस्त करतो. तेव्हा तिकडे नेताना डोक्यावर ए-फोर कोरलेलेच बोल्ट घ्यावेत, आणि दुकानदाराने चुंबक काढून दाखविला तर तो त्याच्यापाशीच राहू द्यावा, एवढे मी त्याला बिलाच्या पाठीवर लिहून दिले आहे.